तो मारायला लागला की काय करू? एका आईच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

एका आईचं पत्र आलं आहे, ते आधी थोडक्यात सांगते. मुलगा १५ वर्षांचा, ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अक्षमता. वीसेक शब्द बोलतो, बरेचदा ऐकलेलंच पुन्हा म्हणतो. गेल्या आठ महिन्यांपासून स्वतःच्या गालावर चापट्या मारतो, मनगट चावतो. टॅब ठेव म्हटलं किंवा आंघोळीला चल म्हटलं की अंगावर धावून येतो. आता तो आईपेक्षा उंच आहे. धाकटी बहीण रात्री आतून कडी लावून झोपते. घरात एकजण म्हणतात दुर्लक्ष करा, दुसरे म्हणतात धाक हवा, शाळेतून औषधाचा विषय निघाला आहे. कुणीतरी ‘पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट’ म्हणजे सकारात्मक वर्तन साहाय्य हे नाव सांगितलं. आईचे प्रश्न दोन आहेत. हे म्हणजे बक्षिसं देऊन वळण लावणं का? आणि तो मारायला लागला की नेमकं काय करू?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला आज संध्याकाळीच लागू शकतं.

तो भडकला की बोलणं जवळजवळ बंद करा. ‘असं नाही करायचं’, ‘मी काय सांगितलं होतं’, ‘थांब, बाबांना सांगते’ हा सगळा त्याच्यासाठी त्या क्षणी नुसता गोंगाट असतो. भाषा समजून घेणं त्याला एरवीही कष्टाचं जातं, भडकल्यावर तर ते दार पुरतं बंद होतं. एखादा ओळखीचा शब्द, हळू आवाजात, एवढं पुरे. दोन-तीन पावलं मागे व्हा. त्याच्या अगदी समोर उभं राहू नका, जरा बाजूला, तिरकं राहा. टक लावून बघू नका. जे करायला सांगितलं होतं ते तात्पुरतं सोडून द्या, आंघोळ तासाभराने झाली म्हणून काही बिघडत नाही. बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत जायला सांगा, कारण चार माणसं गोळा झाली की चार आवाज आणि चार नजरा त्याच्यावर येतात. टीव्ही बंद करा, दिवा मंद करता आला तर करा. तो डोकं भिंतीवर आपटू लागला तर हात पकडायला धावण्यापेक्षा डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा. आणि त्याला जमिनीवर पालथं पाडून दाबून धरणं कधीही नाही, मदतीला कितीही माणसं असली तरी नाही. पाठीवर वजन आलं की श्वास कोंडतो, आणि अशा धरण्यात माणसं दगावलेली आहेत.

शांत झाल्यावर लगेच ‘सॉरी म्हण’ असं सांगायला जाऊ नका. बाहेरून निवलेला दिसला तरी शरीर आतून सावरायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. एका दिवसात दोनदा भडका उडालेली जी मुलं मी पाहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा दुसरा भडका याच वेळात, कुणीतरी समजवायला बसल्यावर उडालेला होता. पाणी द्या, जवळ बसू देत असेल तर गप्प बसा.

एवढ्याने तो प्रसंग निभावेल. त्यातून तो काही शिकणार नाही, आणि शिकावं अशी माझी अपेक्षाही नाही. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेऊन चालत नाही. मी ज्याला वर्तन साहाय्य म्हणते त्याचं जवळजवळ सगळं काम तो शांत असतानाच्या तासांमध्ये होतं, आणि त्यातला मोठा भाग त्याने नाही, आपण करायचा असतो.

तुमच्या पत्रातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले शब्द म्हणजे ‘गेल्या आठ महिन्यांपासून’. ऑटिझम त्याला जन्मापासून आहे. चापट्या आठ महिन्यांच्या आहेत. म्हणजे मधे काहीतरी बदललं. वर्ग बदलला का, शिक्षक गेले का, येण्याजाण्याचा रस्ता बदलला का, घरातलं कुणी दूर गेलं का, झोप कमी झाली का? यातलं काहीही असू शकतं. पण सगळ्यात आधी शरीर तपासा. जो मुलगा ‘माझी दाढ ठणकतेय’ असं सांगू शकत नाही आणि गालावर मारतो, त्याचं तोंड दंतवैद्यांनी नीट बघेपर्यंत मी कुठलीही वर्तन योजना लिहीत नाही. कान, घसा, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ, त्वचेची खाज, सध्याच्या एखाद्या औषधाचा त्रास, हे सगळं बघायला हवं. ऑटिझम असलेल्यांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि किशोरवयात त्या नव्याने सुरू होऊ शकतात. मधेच शून्यात बघत राहणं, अचानक थबकणं, झोपेत झटके येणं असं काही दिसलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणखी एक गोष्ट. अशा काही मुलांना आपल्याच शरीरातून येणारे इशारे नीट कळत नाहीत. भूक, लघवीची घाई, वेदना हे सगळं मिळून एक ‘काहीतरी भयंकर होतंय’ असं वाटतं. त्यामुळे ‘कुठे दुखतंय?’ या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून दुखत नसेल असं धरू नका.

हे मी एवढं ठासून का सांगते? माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. डोक्याच्या उजव्या बाजूला मूठ मारायची आणि रडायची. मी दोन दिवस तिला पाहिलं. तिने मारलं की सगळे धावत येतात, एवढं मला दिसलं. मी कागदावर लिहिलं, ‘लक्ष वेधण्यासाठी’, आणि घरच्यांना सांगितलं की प्रतिसाद देऊ नका. त्यांनी माझं ऐकलं. अकरा दिवस ती रडत राहिली आणि आई दुसऱ्या खोलीत तोंडात पदर धरून बसली. बाराव्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग होता. उजव्या कानाचा पडदा फुटून पू आला होता. ती अकरा दिवस बोटभर अंतरावरून नेमकी जागा दाखवत होती आणि मी तिच्या आईला तिकडे बघू नका म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर माझ्या प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर वैद्यकीय तपासणीची तारीख असते. ती जागा रिकामी असेल तर दुसरं पान मी लिहीत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ न्या. झोप, शौच आणि खाणं यांत गेल्या काही महिन्यांत काय बदललं ते कागदावर लिहून न्या. ‘ऑटिझममध्ये असं होतंच’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, की बोलू शकणारा मुलगा गालावर हात धरून आला असता तर तुम्ही काय तपासलं असतं? तेच याचं तपासा.

हे चालू असताना एक साधी वही करा. आमच्या कामात तिला एबीसी नोंद म्हणतात: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर लगेच काय झालं. पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांतून अशी ओळ येते: ‘संध्याकाळी विनाकारण चिडला, मारलं.’ या ओळीतून माझ्या हाती काहीच लागत नाही. तोच प्रसंग असा लिहिला तर बघा:

‘६.४०. बाहेरची खोली. बाबा फोनवर मोठ्याने बोलत होते, स्वयंपाकघरात मिक्सर चालू. मी म्हटलं, टॅब ठेव, आंघोळ. त्याने टॅब छातीशी धरला, "नाही, गाडी" म्हणाला. मी टॅब ओढून घेतला. डाव्या गालावर पाच-सहा चापट्या, मग माझा दंड पिरगळला. मी टॅब परत दिला. दोन मिनिटांत शांत.’

या पाच ओळींत केवढं आहे! त्याने आधी शब्द वापरले होते. ‘नाही, गाडी’ हे त्याच्यासाठी पूर्ण वाक्य आहे: गाडीचा व्हिडिओ अजून संपला नाही. त्या शब्दांनी काही झालं नाही. चापटीने झालं. उद्या तो काय वापरेल? शिवाय मिक्सर आणि फोन दोन्ही चालू होते, म्हणजे आपण सांगायच्या आधीच तो काठोकाठ भरलेला होता. आणि सगळ्यात आवडती गोष्ट काढून सगळ्यात नावडतीकडे आपण त्याला एका झटक्यात नेत होतो.

वहीत तीन शब्द लिहायचे नाहीत: विनाकारण, मुद्दाम, हट्टी. हे शब्द आले की आपलं बघणं तिथेच थांबतं. आधीच्या रात्री तो किती तास झोपला ते रोज लिहा. आणि वहीच्या मागच्या पानावर उलटी नोंद ठेवा: दिवसाच्या कोणत्या वेळी, कुणाबरोबर, कुठे असताना हे कधीच होत नाही? हे पान मला जास्त शिकवतं. एका घरात दोन आठवड्यांच्या नोंदीत आजोबांच्या वाट्याला एकही प्रसंग आला नव्हता. मी जाऊन नुसती बसले. आजोबा एकदा सांगायचे, दोन-तीन शब्दांत, आणि मग वाट बघायचे. बारा-पंधरा सेकंद. नातू तेवढ्या वेळात उठायचा. बाकी सगळे त्याच वेळात तीच गोष्ट तीनदा, तीन वेगळ्या वाक्यांत सांगायचे आणि दर वेळी त्याला पहिल्यापासून समजायला सुरुवात करावी लागायची. आजोबांना कुठलंही प्रशिक्षण नव्हतं, फक्त घाई नव्हती. त्या घरातल्या योजनेचं पहिलं कलम सगळ्यांसाठी होतं: एकदा सांगा आणि मनात पंधरा मोजा.

कधी कधी कारण अगदी अनपेक्षित जागी सापडतं. २६ वर्षांचा एक तरुण दिवसाच्या केंद्रात रोज बाराच्या सुमारास हातातलं सामान फेकायचा. ‘काम टाळतो’ असं सगळ्यांचं मत होतं. मी तीन दिवस त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. बाराला दहा कमी असताना तो घड्याळाकडे बघायचा आणि खांदे कानांपर्यंत वर घ्यायचा. दहा मिनिटांनी शेजारच्या खोलीत लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढल्या जायच्या. तो आवाज आम्हाला ऐकूसुद्धा येत नव्हता असं मी म्हणेन, इतका तो आमच्या अंगवळणी पडला होता. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. सामान फेकणं त्या दिवसापासून कायमचं बंद झालं असं नाही, पण त्या वेळचं फेकणं महिन्याभरात जवळजवळ थांबलं.

ही शोध घ्यायची पद्धत आली कुठून, तेही सांगते, कारण शेजारच्या मुलाला लागू पडलेला उपाय तुमच्या मुलाला का लागू पडत नाही ते त्यातून कळेल. १९८२ मध्ये अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिलं: अवघड काम दिलेलं असताना, इजा केल्यावर कुणी काळजीने बोलतं तेव्हा, एकटं असताना, मोकळं खेळताना. वरून सारखंच दिसणारं वर्तन एका मुलात काम टळावं म्हणून होत होतं, दुसऱ्यात एकटं असतानाच जास्त होत होतं. त्याआधी डोकं आपटणं म्हणजे अमुक उपाय, असं वर्तनाच्या दिसण्यावरून ठरवलं जायचं. आता प्रश्न बदलला: याला यातून काय मिळतं? साधारणपणे उत्तर चारांपैकी एक असतं. काहीतरी टळतं, कुणीतरी जवळ येतं, हवी ती गोष्ट मिळते, किंवा त्या हालचालीनेच शरीराला बरं वाटतं. बहुतेकदा दोन-तीन एकत्र असतात, आणि दुखणं या सगळ्यांच्या खालून वाहत असतं.

पुढचं पाऊल १९८५ चं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी मुलांना त्रासदायक वर्तनाच्या जागी एकेक वाक्य शिकवलं. ज्यांना काम अवघड जात होतं त्यांना ‘मला समजत नाहीये’ आणि ज्यांना मोठ्यांचं लक्ष हवं होतं त्यांना ‘मी चांगलं करतोय ना?’ अशा अर्थाचं. वाक्य गरजेशी जुळलं तर वर्तन खूप कमी झालं. चुकीचं वाक्य शिकवलं, म्हणजे लक्ष हवं असणाऱ्याला मदत मागायला शिकवलं, तर फरक पडला नाही. माझ्या सगळ्या कामाचा कणा हाच आहे: चापटीतून जे मिळत होतं तेच मिळवायचा जास्त सोपा मार्ग त्याच्या हातात द्यायचा.

तुमच्या घरात हे कसं दिसेल? धरून चालू की वहीवरून ‘टाळणं’ आणि ‘टॅब’ ही दोन कारणं दिसली. एक जाड कार्ड करा, हाताच्या तळव्याएवढं, त्यावर ‘थांबूया’चं चित्र किंवा त्याला कळेल अशी खूण. तो शांत असताना, एखादं साधं, थोडंसंच नावडतं काम चालू असताना सुरुवात करा. समोर एक मोठं माणूस, मागे दुसरं. समोरच्याने काम पुढे केलं की मागच्याने न बोलता त्याचा हात हळूच कार्डाकडे न्यायचा आणि ते समोरच्याच्या हातात द्यायला लावायचं. हात नेलेला त्याला आवडत नसेल तर ओढू नका, कार्डाकडे नुसतं बोट दाखवा. कार्ड हातात पडताक्षणी समोरच्याने म्हणायचं, ‘थांबूया’, आणि काम बाजूला करायचं. एक सेकंदही उशीर नको. मिनिटभराची सुट्टी, मग पुन्हा. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. मागच्याची मदत रोज थोडी थोडी कमी करायची.

पहिले दोन-तीन आठवडे कार्डाला ‘नाही’ म्हणायचं नाही. इथेच बहुतेक घरं डगमगतात. ‘मग तो दिवसभर कार्डच देत बसेल!’ हो, काही दिवस देईल. देऊ द्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात असं काही आलं आहे जे दर वेळी चालतं. चापट एकदा चालते, एकदा नाही. कार्डाने तिच्यापेक्षा भरवशाचं असायला हवं, नाहीतर तो चापटच निवडेल आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. कार्ड पक्कं झालं की मग वाट बघणं शिकवायचं: ‘थांबूया’ म्हणून दहा सेकंदांचा दिसणारा टायमर, मग वीस, मग मिनिट. कार्ड सगळीकडे सारखं हवं, घरात, शाळेत, गाडीत. शाळेच्या दप्तरात राहिलेलं कार्ड घरी काही कामाचं नाही, म्हणून चार-पाच प्रती करा.

टॅबसाठी ‘पाच मिनिटं राहिली’ असं सांगू नका. पाच मिनिटं त्याला दिसत नाहीत. ‘गाडी संपली की टॅब ठेव’ हे त्याला दिसतं, कारण व्हिडिओला शेवट असतो. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा, नाहीतर शेवट कधी येतच नाही. टॅबनंतर थेट आंघोळ नको. मधे त्याला चालणारी एक गोष्ट ठेवा, टॉवेल निवडणं किंवा बादलीत पाणी सोडणं. ‘पहिलं–मग’ अशा दोन चित्रांची पट्टी भिंतीवर लावा. आणि आंघोळीतलं नेमकं काय नकोसं आहे ते शोधा. डोक्यावरून अचानक पडणारं पाणी, न्हाणीघरात घुमणारा आवाज, साबणाचा वास, गार फरशी, की १५ वर्षांच्या मुलाला आईसमोर कपडे काढणं? यातलं शेवटचं आपण फार सहज विसरतो. तांब्या त्याच्या हातात द्या, केस वेगळ्या दिवशी धुवा, शक्य असेल तर बाबांनी किंवा त्याचं त्याने करावं.

आता घरातल्या दोन सल्ल्यांबद्दल. दुर्लक्ष केल्याने काही वेळा वर्तन कमी होतं हे खरं, पण कमी होण्याआधी काही वेळा ते वाढतं. पाच चापट्यांनी काही झालं नाही तर तो वीस मारतो. विसाव्या चापटीला कुणाचाही धीर सुटतो, आणि तिथे आपण दिलं की तो शिकतो: वीस मारायच्या. स्वतःला इजा करणाऱ्या मुलात हा खेळ धोक्याचा आहे, आणि जे वर्तन लक्षासाठी नाहीच तिथे तो निरुपयोगीही आहे. दुसरा मार्ग न शिकवता नुसतं दुर्लक्ष करा, हा सल्ला मी आता कुणालाही देत नाही.

धाकाचा इतिहास जास्त कडू आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत ओले इवार लोवास यांनी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवर विजेचे झटके वापरले. १९६९ च्या त्यांच्याच शोधनिबंधात एक गोष्ट स्पष्ट दिसते: इजा थांबायची, पण ज्या खोलीत आणि ज्या माणसासमोर झटका बसला तिथेच. दुसरीकडे ती चालू राहायची. धाकाने मूल एवढंच शिकतं की कुणासमोर करायचं नाही. मागायचं कसं हे धाक शिकवत नाही. शिवाय आज तुमचा मुलगा तुमच्यापेक्षा उंच आहे. पुढच्या वर्षी तो बाबांपेक्षाही उंच असेल.

आता तुमचा पहिला प्रश्न. बक्षिसांची याच्यात जागा आहे, पण छोटी. नवी, अवघड गोष्ट शिकताना लगेच काहीतरी आवडतं मिळालं तर कुणालाही हुरूप येतो. पण त्याची आवडती वस्तू काढून घेऊन ती ‘कमवायला’ लावणं मला मान्य नाही, विशेषतः ज्या वस्तूने तो स्वतःला सावरतो ती. सकारात्मक वर्तन साहाय्यात आयुष्याची प्रत सुधारणं हे मुख्य काम आहे आणि त्रासदायक वर्तन कमी होणं त्याच्या ओघात येतं, असं कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलं. म्हणून मी योजनेच्या सुरुवातीला विचारते: त्याच्या आठवड्यात त्याने स्वतः निवडलेलं काय आहे? त्याला आवडणारी किती माणसं त्याला भेटतात? बहुतेकदा उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळच मला बरंच सांगतो.

याच कारणासाठी मी काही उद्दिष्टं लिहायला नकार देते. हात फडफडवणं, डोलणं, एकच ओळ गुणगुणणं हे कुणाला दुखवत नसेल तर ते थांबवायचं नाही. नजरेला नजर द्यायला लावायचं नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अनेक प्रौढांनी लिहिलं आहे की लहानपणच्या थेरपीत त्यांना ‘नॉर्मल’ दिसायला शिकवलं गेलं आणि त्याची किंमत त्यांनी पुढे थकव्याने आणि भीतीने मोजली. आमच्या क्षेत्राने हे ऐकून बदलायला हवं, आणि ज्या योजनेवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं आहे पण मुलाच्या ‘नाही’ला जिच्यात जागा नाही, ती योजना तुम्ही बेधडक नाकारा.

औषधाबद्दल मी डॉक्टर नसल्याने एवढंच सांगते. ऑटिझमशी निगडित तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ मध्ये आणि अ‍ॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता मिळाली. ती ऑटिझमवरची औषधं नाहीत. काही मुलांना त्यांनी खरंच दिलासा मिळतो, इतका की शिकणं शक्य होतं. वजन वाढणं आणि झोपाळूपणा हे त्रासही खरे आहेत. शाळेने औषध सुचवायचं नसतं, ते मनोविकारतज्ज्ञांनी ठरवायचं, तेही शरीराची तपासणी झाल्यावर. जाताना वही न्या. सुरू केलं तर का, किती काळ आणि काय दिसलं की थांबवायचं हे त्याच दिवशी विचारून लिहून घ्या. आपल्या मनाने अचानक बंद करू नका.

खोलीत कोंडणं, खुर्चीला बांधणं, धरून ठेवणं, वर्तन दाबण्यासाठी गुंगीचं औषध, वस्तू कुलपात ठेवणं, या सगळ्याला ऑस्ट्रेलियाच्या अपंगत्व विमा योजनेत निर्बंध लादणाऱ्या पद्धती असं एकत्र नाव आहे. त्यांचे पाच प्रकार ठरवलेले आहेत. त्यांतली एखादी पद्धत वापरायची झाली तर वर्तन साहाय्याची लेखी योजना आणि ती पद्धत कमी करत नेण्याचा मार्ग लागतो. घरांना तो नियम लागू होत नाही, पण त्यामागचा प्रश्न घरातही विचारता येतो. आज सुरक्षिततेसाठी सुऱ्या कुलपात ठेवल्या असतील तर ठेवा. त्या पुन्हा बाहेर कधी आणि काय शिकल्यावर येतील, हेही वहीत लिहा.

फरक किती दिवसांत दिसेल? कार्ड पक्कं व्हायला साधारण तीन-चार आठवडे धरा. रोजचा आकडा बघू नका, आठवड्याची बेरीज बघा, आणि भडका किती मिनिटं टिकला तेही मोजा. बरेचदा आधी मिनिटं कमी होतात, मग वेळा. एखादा आठवडा पुन्हा वाईट गेला तर आधी झोपेचा रकाना बघा.

आणि तुमची मुलगी. तिच्या दाराची कडी राहू द्या, आणि ती लावल्याबद्दल तिला कुणी बोलू नका. तो भडकला की तिने कुठे जायचं, कुणाला हाक मारायची, हे तिच्याशी बसून ठरवा. भावाला सावरणं हे तिचं काम नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण न सांगता मुलं ते अंगावर घेतात. आठवड्यातून एक तास तिच्या एकटीसोबत घालवा आणि त्या तासात त्याचा विषय काढू नका. तिला वाटलं तर ती काढेल. तो शांत असताना दोघं एकत्र काय करतात, कुठल्या व्हिडिओला दोघं हसतात, ते मला वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठवा. पुढची योजना मी तिथून सुरू करेन.